पायरीनंतर पडद्यावर काय दिसायला हवे?

मंडळी, विंडोज १० चा सर्वसाधारण आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारी मोफत सुरक्षा-अद्यतने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्यामुळे, चांगले चालणारे कितीतरी संगणक कार्यालयांनी बाजूला काढले. त्यांपैकी काही मुंबई-पुण्याहून आपल्या राजापूर, लांजा, देवरुखकडच्या विद्यार्थ्यांसाठी येतात आणि आपले स्वयंसेवक त्यांवर लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत कार्यप्रणाली बसवतात. आज मी बोलणार आहे ते या स्वयंसेवकांच्या हाती असलेल्या मार्गदर्शिकेविषयी.

ती बहुधा जाणकाराने लिहिलेली असते, आणि ज्या गोष्टी त्याच्या अंगवळणी पडल्या आहेत त्या तो लिहीतच नाही. ‘पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा’ हे वाक्य घ्या. त्यासाठीची कळ डेलवर एफ१२, तर एचपीवर बहुधा एफ९ असते, आणि संगणक सुरू करण्याचे बटण दाबल्याबरोबर ही कळ दाबावी लागते. एवढे करूनही यादीत पेन ड्राइव्ह दिसला नाही, तर स्थापनेची फाइल खास प्रोग्रामने त्यावर लिहिण्याऐवजी नुसती कॉपी केली गेली असण्याची शक्यता मोठी. म्हणून प्रत्येक पायरीत काय करावे, नंतर पडद्यावर काय दिसावे आणि ते न दिसल्यास काय करावे, हे तिन्ही लिहिले पाहिजे. तिसरा भाग सर्वांत लांब होतो, होऊ द्यावा.

वर्षानुवर्षे गोदामात पडलेल्या संगणकाच्या मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी बहुधा संपलेली असते. मग घड्याळ काही वर्षे मागे जाते, त्या तारखेला संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे लागूच झालेली नसल्यामुळे ब्राउझर ती अमान्य ठरवतो आणि स्वयंसेवक मात्र तासभर नेटवर्कला दोष देत बसतो. ‘आधी तारीख पाहावी’ एवढी एक ओळ तिथे पुरते.

आपल्याकडे मार्गदर्शिका कागदावर छापलेलीच हवी, कारण ती उघडायला रेंज लागणार असेल तर अर्ध्या वाड्यांवर तिचा उपयोग नाही. काही जुन्या लॅपटॉपांतील ब्रॉडकॉम वायफाय चिपला चालण्यासाठी लागणारे फर्मवेअर (तिच्यातील छोटा प्रोग्राम) स्थापनेनंतर वेगळे घ्यावे लागते, म्हणजे इंटरनेट मिळवण्यासाठीच इंटरनेट हवे. अशा वेळी मोबाइलचे नेट यूएसबी केबलने द्यावे, हे लिहिलेले असावे. पावसाळ्यात स्थापना चालू असतानाच वीज गेली तर पहिल्यापासून सुरुवात करावी, हेही लिहावे. डिस्क पूर्ण पुसायचीच होती, त्यामुळे काही गमावलेले नसते, हे नवख्याला कोणीतरी सांगावे लागते.

एका बाबीला मी स्वतंत्र पान देईन. सगळ्या संगणकांना एकच पासवर्ड ठेवून तो चिकटपट्टीवर लिहिण्याची आपली पद्धत मला मुळीच पसंत नाही. आपण बसवतो त्या लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकारात, सुरुवातीच्या यादीत उत्पादकांसाठी ‘ओईएम’ स्थापनेचा पर्याय असतो. तो निवडून शेवटी संगणक वापरकर्त्याकडे पाठवण्यासाठी सज्ज केला, की पहिल्यांदा सुरू करताना विद्यार्थिनी स्वतःचे नाव आणि पासवर्ड स्वतःच ठरवते. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक मात्र संगणक हाती देण्यापूर्वी लिब्रेऑफिसमध्ये दोन ओळी टंकून तपासावा.

मार्गदर्शिका तपासण्यासाठी ती असे काम कधीच न केलेल्या माणसाच्या हाती द्यावी आणि लिहिणाऱ्याने शेजारी गप्प बसावे. हे फार जड जाते. वाचणाऱ्याचे बोट जिथे थांबेल, तिथे एक ओळ कमी आहे असे समजावे. पहिल्या पानावर तारीख आणि आवृत्तीही हवी. मिंट २२ ला २०२९ पर्यंत आधार आहे, पण ३२-बिट, म्हणजे फार जुन्या, संगणकांसाठी ‘डेबियनची (लिनक्सच्याच दुसऱ्या एका प्रकाराची) ताजी आवृत्ती घ्यावी’ हे जे वाक्य जुन्या प्रतींत आहे, ते ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून लागू पडत नाही, कारण त्या आवृत्तीत ३२-बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलरच नाही. आपल्या प्रतींतून ते वाक्य आजच खोडावे लागेल.