बोंडातली अळी फोटोत दिसली पाहिजे

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

मंडळी, आधी हे दोन फोटो हातोहात मागेपर्यंत जाऊ द्या. दोन्ही कापसाच्या एकाच बोंडाचे आहेत, माझ्या खिशातल्या एकाच छोट्या कॅमेऱ्यानं काढलेले. पहिला काढला तेव्हा दिवस मावळला होता. मग ते बोंड रात्रभर डबीत ठेवलं आणि सकाळी आठ वाजता धुऱ्यावरच्या बाभळीच्या सावलीत दुसरा काढला. पहिल्यात फोडलेल्या बोंडात एक तपकिरी डाग आहे. दुसऱ्यात त्या जागी अळी आहे, तिच्या अंगावरचे गुलाबी पट्टे मोजून घ्या.

पहिला फोटो मी त्याच रात्री नुकसानीच्या अर्जाला जोडून पाठवला. अर्ज परत आला, वर शेरा, 'छायाचित्र अस्पष्ट'. खूप संताप झाला. पण फोटो पुन्हा नीट पाहिला आणि कबूल करावं लागलं की शेरा बरोबर आहे. गेली काही वर्षं मी वावरात, बैलांच्या शर्यतीच्या पटावर, नाटकाच्या मंडपात हा खिशातला कॅमेरा तपासत फिरतोय, त्याची सुरुवात त्या शेऱ्यापासून झाली.

दोन्ही फोटोंची माहिती कॅमेऱ्यात उघडून पाहिली. आयएसओ म्हणजे कॅमेरा मिळालेला उजेड किती फुगवतो त्याचा आकडा. पहिल्याचा आयएसओ 1600, दुसऱ्याचा 100. सगळा फरक त्यात आहे. खिशात मावणाऱ्या बहुतेक साध्या कॅमेऱ्यांत जो सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, असतो तो साधारण 6.17 बाय 4.55 मिलिमीटरचा, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. लग्नात फोटोग्राफरच्या हातात जे मोठे फुल-फ्रेम कॅमेरे दिसतात त्यांचा सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटर. क्षेत्रफळ काढलं तर तीसपट. छप्पर जेवढं मोठं तेवढं पाणी जास्त, प्रकाशाचंही तसंच. उजेड कमी पडला की लहान सेन्सरला मिळालेला क्षीण संकेत कॅमेरा फुगवतो. त्याबरोबर खरखरही फुगते, फोटोवर रंगीत रवा सांडल्यासारखी. ती लपवायला कॅमेरा आतल्या आत फोटो सारवतो. भिंत सारवली की तिच्या भेगा बुजतात, तसे अळीचे पट्टे बुजले.

दुकानात मात्र आपण मेगापिक्सेल विचारतो, म्हणजे फोटोत किती दहा लाख बिंदू येतात ते. 1975 साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला तेव्हा त्यात 100 बाय 100, म्हणजे 10,000 बिंदू होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. तिथून इथवर आलो, तेव्हा आकड्याचं अप्रूप समजतं. पण 12 चे 20 मेगापिक्सेल झाले तर रुंदीत नि उंचीत बिंदू वाढतात साधारण 29 टक्के. आणि सेन्सर तोच तुरीएवढा असेल तर प्रत्येक बिंदूच्या वाट्याला येणारा प्रकाश घटतो. म्हणून आकडा बाजूला ठेवा आणि आपल्या कामाचा फोटो काढून पाहा.

तपासायचं कसं? धान्याची अर्धी भरलेली पिशवी घ्या, धुऱ्यावरच्या दगडावर ठेवा, तिच्यात कॅमेरा बसवा. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का बसत नाही. समोर तेच झाड, तीच चौकट. आयएसओ 100, 200, 400, 800, 1600, एकेक फोटो. घरी संगणकावर पूर्ण मोठे करून शेजारी शेजारी लावा आणि एकच गोष्ट शोधा: पानाची शीर कुठपर्यंत दिसते? माझ्या कॅमेऱ्यात 400 पर्यंत दिसते, 800 ला पुसट होते, 1600 ला पान हिरव्या कागदासारखं सपाट. ही माझ्या कॅमेऱ्याची हद्द. कामाच्या दिवसाआधी ती मला ठाऊक नव्हती, एवढीच माझी चूक, पण महागात पडली.

आता आपल्या भागाची खरी परीक्षा, कापूस. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं दृश्य मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. आपल्याकडे काळी जमीन आणि त्यावर पांढरं बोंड. चौकटीत काळी माती जास्त आली की मीटरला वाटतं अंधार आहे, ते उजेड वाढवतं. माती राखाडी होते आणि बोंड जळतं. जळतं म्हणजे पांढरा ठिपका उरतो, धागा दिसत नाही, आणि तो धागा नंतर कोणत्याही संगणकावर परत आणता येत नाही. तोच कापूस घरात गंजी मारून ठेवा आणि चौकटभर काढा. आता उलटं होतं. सगळं पांढरं पाहून मीटर उजेड कमी करतं आणि पहिल्या वेच्याचा चांगला कापूस मळकट दिसतो. गेल्या हंगामात एका कास्तकारानं असाच फोटो व्यापाऱ्याला पाठवला, त्यानं कवडी, म्हणजे किडका डागी कापूस, समजून भाव पाडून सांगितला. कापूस शुभ्र होता, मी स्वतः हातात घेऊन पाहिला. म्हणून गंजीसाठी एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, एक पायरी वर, वावरातल्या उभ्या पऱ्हाटीसाठी, म्हणजे कपाशीसाठी, एक पायरी खाली. कॅमेऱ्यावर अधिक-उणे असं छापलेलं बटण असतं, ते त्यासाठीच आहे. आपल्यातल्या बहुतेकांनी ते कधी दाबलेलंच नसतं.

जवळचे फोटो हे मात्र या छोट्या कॅमेऱ्याचं बलस्थान. सेन्सर लहान असल्यामुळे पुढचं-मागचं बरंच एकदम स्पष्ट येतं. डोमकळीचा, म्हणजे अळी लागून न उमललेल्या फुलाचा, फोटो काढला तर मिटलेल्या पाकळ्या आणि मागचा देठ दोन्ही दिसतात. मोठ्या कॅमेऱ्याला त्यासाठी बरीच खटपट करावी लागते. झूम न करता, फुलाचं चित्र असलेला मॅक्रो लावून पाच सेंटीमीटरवर जा. अडचण एकच, इतक्या जवळ गेलं की कॅमेऱ्याची सावली बोंडावर पडते. दुपट्ट्याचं पांढरं टोक किंवा वहीचं कोरं पान दुसऱ्या बाजूनं धरा, सावली उजळते.

मे महिन्याबद्दल थोडंसं. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत शून्य ते 40 अंशांत वापरा असं छापलेलं असतं. आपल्याकडे पारा 45 ओलांडतो. सेन्सर तापला की खरखर वाढते, सावलीत घेतलेल्या फोटोतसुद्धा. ट्रॅक्टरच्या टपावर, गाडीच्या काचेमागे कॅमेरा ठेवू नका. ओल्या फडक्यात तर मुळीच गुंडाळू नका. कोरड्या कापडी पिशवीत, सावलीत असू द्या.

शंकरपटाचं गणित सोपं आहे. जोडी ताशी 36 किलोमीटरनं पळते असं धरा, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. शटर एक साठांश सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात बैल सतरा सेंटीमीटर पुढे गेला, शिंगं फोटोत फासल्यासारखी येणारच. एक हजारांश ठेवलं तर एकच सेंटीमीटर. उन्हात हे जमतं, दिवस कलल्यावर जमत नाही.

आणि झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातली नाटकं. वडशाकडच्या नाटकांना तुमच्यापैकी कितीतरी जण जातात, रात्र रात्र बसतात. तिथे माझा कॅमेरा सगळ्यात जास्त हरतो, आणि तिथलेच फोटो मला सगळ्यात जास्त हवे असतात. मागे बसून झूम करणं ही पहिली चूक. माझ्या भिंगाचं तोंड झूम न करता एफ 3.2 उघडतं, पूर्ण झूमला एफ 6.4. एफचा आकडा वाढला की प्रकाश कमी, दुप्पट झाला की थेट पाव. पुढच्या रांगेत जाऊन बसा. दुसरी गोष्ट लाल दिव्याची. सेन्सरवरच्या बिंदूंत निम्मे हिरव्यासाठी, पाव निळ्यासाठी, पाव लाल रंगासाठी असतात. नुसता लाल दिवा पडला की पाव बिंदूंच्या जिवावर चेहरा उभा राहतो, डोळे-नाक वितळून जातात. नटी लाल झोतातून पांढऱ्या उजेडात येईपर्यंत थांबा. गाण्याच्या शेवटी ती क्षणभर स्थिर उभी राहते, तेव्हा बटण दाबा. गेल्या वर्षी एका नाटकात असा एकच फोटो मिळाला, डोळ्यातलं काजळ दिसतं त्यात. अख्ख्या रात्रीचा एकच, पण तो मी जपून ठेवलाय.

जुना कॅमेरा विकत घेणाऱ्यांनी एवढं करा. झूम पूर्ण लांब न्या, भिंगाचं तोंड शक्य तेवढं लहान करा, निरभ्र आकाशाचा फोटो काढा. काळसर गोल डाग दिसले तर आत धूळ बसली आहे. आतबाहेर होणारी नळी आपली धूळ आणि सरकीची लव आत ओढते. घरी साफ होत नाही. तो कॅमेरा परत करा.

आता पावणेपाच झालेत. मागच्या वावरात अजून तासभर ऊन आहे, आणि मी दोन पिशव्या ज्वारी भरून आणली आहे. ज्यांच्याकडे कॅमेरा असेल त्यांनी पहिला फोटो आता काढायचा, शेवटचा दिवस बुडाल्यावर, जागा न बदलता. चला.