काळ्या रानातलं फळ्यांचं कुंपण

(ड्रोन शॉट. मोहोळ तालुक्यातलं शिवार, दोन्ही बाजूला ज्वारी, मधोमध पत्र्याचा गोठा.)

हे मोहोळ तालुक्यातलं रान, सीना नदी इथून जवळच. माती बघा, काळीभोर. शाळूला, म्हणजे रब्बी ज्वारीला, ही माती एक नंबर, पण खांब रोवायचा म्हटलं की हिच्याइतकी डोकेदुखी दुसरी नाही, ते का ते पुढं येईलच.

इथल्या मालकांनी मुक्त संचार गोठा करायला घेतलाय. म्हणजे जनावर दावणीला बांधायचं नाही, मोकळं सोडायचं, त्याला वाटलं तेव्हा पाणी पिईल, वाटलं तेव्हा सावलीला बसेल. ऐकायला भारी वाटतं, पण मोकळं सोडलं की पहिला प्रश्न कुंपणाचाच येतो. बहुतेक ठिकाणी सिमेंटचे पोल रोवून चेन लिंक जाळी मारतात, झटपट काम, आणि बिनशिंगाच्या संकरित गायी असतील तर चालून पण जातं. इथं मात्र पंढरपुरी म्हशी आहेत.

(क्लोजअप. म्हशीचं शिंग, मुळापासून टोकापर्यंत.)

हे शिंग बघा कुठपर्यंत गेलंय, मागं वळत वळत पार खांद्याच्या पलीकडं. म्हैस जाळीला अंग घासायला येते, मान फिरवते, टोक जाळीत अडकतं, मग ती घाबरून हिसका मारते आणि एकतर जाळी फाटते नाहीतर शिंगाला इजा होते. काटेरी तारेचं तर नावच नको, सडाला एक ओरखडा बसला तरी जनावर धारेला उभं राहत नाही, वर दगडी, म्हणजे कास सुजून कडक व्हायची भीती. झटका मशीन, म्हणजे तारेत करंट सोडणारं, पिकाभोवती डुकरांसाठी ठीक आहे हो, पण जिथं जनावरानं चोवीस तास राहायचं तिथं ते कशाला? म्हणून फळ्या. फळी लांबूनच दिसते, जनावर धावत आलं तरी थबकतं, आणि खुशाल अंग घासलं तरी कापत नाही.

आता आधी हिशोब, कारण रील बघून पाच एकराला लाकडी कुंपण घालायला निघालेले लोक पण भेटतात. एवढं लाकूड सोलापूर जिल्ह्यात आणायचं कुठनं! पिकाभोवती तार मारा, लाकूड फक्त जनावराच्या आवारापुरतं. इथलं आवार ४० बाय ६०, म्हणजे घेर २०० फूट, त्यातलं १२ फुटाचं गेट वजा केलं की राहिलं १८८. फळी ६ इंच रुंद, १ इंच जाड, चार ओळी, झाली साधारण ३१ घनफूट. आणि खांब? ८ फूट उंच, ५ बाय ५ इंच, असे २६, म्हणजे ३६ घनफूट. वखारीत जाऊन फक्त फळ्यांचा भाव विचारून येऊ नका हे एवढ्यासाठी सांगतोय, निम्म्यापेक्षा जास्त लाकूड खांबातच जातं आणि त्यातला बराच भाग मातीत गाडला जाणार असतो.

लाकूड कुठलं? इथं खांब बाभळीचे आणि फळ्या कडुनिंबाच्या. बाभळीची चाकं, बाभळीची औतं, हे लाकूड आपल्या भागाला नवीन नाही. बांधावरचीच झाडं होती, तोडून ओंडके काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवले होते, त्यानं लाकडातला चिकाचा, स्टार्चचा अंश निघून जातो आणि भुंगा कमी लागतो. मग सावलीत थप्पी लावली, प्रत्येक थरामध्ये पट्ट्या घालून, म्हणजे वारा खेळता राहतो. फळ्यांच्या टोकांना ऑईल पेंट मारलाय तो दिसायला चांगला म्हणून नाही, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात टोकाकडनं पाणी झपाट्यानं उडतं आणि फळी तिथनंच चिरते. आणि हो, झाड स्वतःच्या रानातलं असलं तरी साग, चिंच, आंबा, जांभूळ असल्या झाडांना हात लावायच्या आधी परवानगी लागते, १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे आपल्याकडं. आधी चौकशी, मग करवत.

(खड्डा. पहार मातीत रुततेय.)

आता खरं काम. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, एवढी आक्रसते की भेगेत अख्खा हात जातो. खांब नुसता दीड-दोन फुटावर असेल तर ही माती दर पावसाळ्यात त्याला धरून वर ढकलते, उन्हाळ्यात सोडते, खाली मोकळी जागा होते, परत पावसाळा आला की परत तेच. दोन-तीन वर्षात खांब दारुड्यासारखा कलंडलेला असतो आणि मग लोक म्हणतात लाकूड टिकत नाही. अहो लाकडानं काय केलं!

म्हणून इथं तीन फूट खड्डा. आणि तो खणायचा कधी, तर पाऊस ओसरून वाफसा आल्यावर, म्हणजे माती ना चिखल ना कडक असते तेव्हा. पावसात चिखल होतो, मे महिन्यात हीच माती पहारीला दाद देत नाही. या रानात अडीच फुटाच्या आसपास मुरूम लागला, त्यामुळं खांबाचा बूड सरळ मुरमात बसला. मुरूम लागलाच नाही, खोलवर काळीच माती निघाली तर खड्डा रुंद करायचा आणि बाहेरनं मुरूम आणून भरायचा. खणलेली काळी माती परत खड्ड्यात टाकायची नाही, काहीही झालं तरी नाही.

काम करणारे सुतारमामा साठीच्या पुढचे आहेत. खड्ड्याच्या तळाला आधी घमेलंभर खडी, त्यावर खांब, ओळंबा लावून उभा केला आणि मग वीतभर मुरूम, थोडं पाणी, आणि पहारीच्या जाड बाजूनं धुम्मस. आवाज ऐका. सुरुवातीला भद भद येतोय, मुरूम बसत आला की टण टण यायला लागतो, आणि तोपर्यंत मामा पुढचा थर टाकू देत नाहीत. मालक म्हणाले, "मामा, काँक्रीटच ओतू की सरळ, एका दिवसात मोकळं." मामा म्हणाले, "आरं बाबा, लाकडाला सिमेंटची वाटी केलीस की पाणी साचून राहतंय, आतल्या आत कुजतंय ते." आणि मामांचं खरं आहे. खांब तळाला कुजत नाही, तो जमिनीच्या पातळीला कुजतो, जिथं ओल आणि हवा दोन्ही मिळतात, वाळवी पण तिथंच चढते. काँक्रीट फक्त गेटच्या दोन खांबांना केलं, तेही वरून उतार देऊन, म्हणजे पाणी बाहेरच्या बाजूला पळतं.

तारेच्या कुंपणात कोपऱ्यातल्या खांबाला जास्त ताण असतो, तार सारखी ओढत असते ना. फळ्यांना असली ओढ नसते. इथं गेटचा खांब मार खातो, १२ फुटी गेट दिवसरात्र त्याला लटकलेलं, वर पोरं झोका घेणार ते वेगळंच. म्हणून ते दोन्ही खांब बाकीच्यांपेक्षा जाड, चार फूट खोल, आणि सगळ्यात आधी बसवलेले. मग दोरी मारून बाकीची रांग.

(आवाराचा आतला भाग. पहिली फळी लागतेय.)

फळ्या मारताना जरा वाद झाला. मालकांना फळ्या बाहेरच्या बाजूनं पाहिजे होत्या, रस्त्यावरनं कुंपण सलग दिसतं, खांब झाकले जातात. मामांनी ऐकलं नाही. साधी गोष्ट आहे, जनावर आतून रेटा देणार, फळी बाहेर असली तर तो सगळा रेटा खिळ्यांवर येतो आणि रोज थोडी थोडी करून फळी सुटते. फळी आत असली की म्हैस रेटते ती फळीला, आणि फळी टेकते खांबाला. म्हणजे म्हैसच कुंपण घट्ट करते असं समजा. मालक गप्प बसले.

बाभळीत खिळा ठोकायचा नाद करू नका. एकदा वाळली की खिळा अर्धा जातो आणि वाकतो. इथं ड्रिलनं आरपार भोक पाडून बोल्ट टाकलेत, प्रत्येक टोकाला दोन, वर-खाली आणि जरा तिरके, एका रेषेत घेतले तर फळी तिथंच उभी चिरते. वॉशर विसरायचा नाही. फळी सोळा फुटी मिळाली तर उत्तम, तीन खांबांवर बसते. जोड मात्र सगळे एकाच खांबावर आणायचे नाहीत, एक ओळ या खांबावर जोडली तर वरची ओळ पुढच्या.

आता फटी. जमिनीपासून ६ इंच सोडले, मग फळी, परत ६ इंच, फळी, पुढं ८ इंच, फळी, ८ इंच आणि सगळ्यात वरची फळी. उंची झाली ५२ इंच. वरच्या फटीतून म्हशीचं तोंड थोडं येतं पण डोकं पार जात नाही, आणि डोकंच गेलं नाही तर शिंग अडकायचा विषयच संपला. खाली फट लहान ठेवली ती रेडकांसाठी, त्यांना जिथं जाऊ नये तिथंच तोंड घालायची हौस. हा खिलार खोंड दिसतोय ना, सिद्धेश्वर यात्रेच्या बाजारातनं आणलेला, याच्या बाजूला मामांनी पाचवी फळी मारली. खिलार अंगानं हलका आणि डोक्यानं तापट, मनात आलं तर चार फूट त्याला काहीच नाही.

शेवटचं काम तेलाचं. गॅरेजमधलं जळकं ऑईल सगळेच फासतात, वाळवीला बरं असतं, पण त्यात काय काय धातू उतरलेले असतात आणि जनावर फळी चाटतं, चावतं. इथं जळकं ऑईल फक्त खांबाच्या गाडलेल्या भागाला लावलं, वरच्या लाकडाला कच्चं जवसाचं तेल. महाग पडतं, पण विष नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर लाकूड हललेलं असतं, तेव्हा पाना घेऊन एकदा सगळे बोल्ट आवळून घ्यायचे.

एक गोष्ट मात्र या कुंपणात बसत नाही, ती म्हणजे शेळी. मालकांकडं उस्मानाबादी शेळ्या पण आहेत आणि आडव्या फळ्या शेळीला शिडीच वाटतात, पुढचे दोन पाय टेकवून ती बाहेरचा पाला ओढणार, करडं खालच्या फटीतून सुटणार. त्यांना वेगळा कप्पा लागेल, उभ्या पट्ट्यांचा, फट तीन इंचाच्या आत. त्याचं लाकूड सध्या थप्पीत वाळतंय, मामांनी ते काम शाळू निघाल्यावर धरलंय.