एकास सदतीस : बोरघाटाचा आलेख

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते. बटाटेवडा खाऊन होतो न होतो तोच मागच्या डब्यांना हलका धक्का बसतो. बँकर इंजिनं, म्हणजे गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागली!

पुढे बोरघाट. सगळ्यात खड्या टप्प्यांत त्याचा चढ आहे एकास सदतीस. 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. गणिताच्या भाषेत रेषेचा चढ 1/37.

आता आलेख कागद घेऊ. X-अक्षावर अंतर, Y-अक्षावर समुद्रसपाटीपासूनची उंची. घाटाचा पायथा साधारण 60 मीटरवर, म्हणून समीकरण y = x/37 + 60. x शून्य धरला की पहिला बिंदू आयता मिळतो : (0, 60). दुसऱ्यासाठी x = 100 घेऊ नका, अपूर्णांकांत अडकाल. 37 च्या पटीतला घ्या. 370 पुढे, 10 वर : (370, 70). रेघ ओढायला दोन बिंदू पुरतात, पण तिसरा काढाच : (740, 80). तो रेघेवर बसला नाही, तर आकडेमोड पुन्हा तपासायची.

दोन्ही अक्षांना एकच प्रमाण ठेवलंत तर मात्र गंमत होते. 10 सेंटिमीटर आडव्या अंतरात रेघ जेमतेम पावणेतीन मिलिमीटर वर चढते. कोन दीड अंशाच्या आसपास. एवढ्याशा चढाला मागून इंजिनं? हो, कारण लोखंडी चाकांना लोखंडी रुळांवर पकड कमी, आणि गाडी शेकडो टनांची. कागदावर मात्र असा चढ जवळजवळ आडवा दिसतो, म्हणून अभियंते नकाशात उभं प्रमाण मुद्दाम ताणतात. रेघ खडी दिसू लागते, चढ मात्र 1/37 च राहतो. तो आकड्यांतून वाचायचा, दिसण्यावरून नाही.

1863 मध्ये हा घाट रेल्वेला खुला झाला. मुख्य अभियंता होते जेम्स बर्कली. सुमारे साडेपंचवीस किलोमीटरांत 558 मीटर चढाई, म्हणजे सरासरी एकास सेहेचाळीस. खरा घाट असा कुठे खडा, कुठे सौम्य. त्याचा आलेख एक सरळ रेघ नव्हे, जोडलेल्या अनेक रेघा. प्रत्येकीचा चढ वेगळा.

लोणावळ्याहून अंतर मोजत खाली उतरताना चढ ऋण होतो. त्या उतारावर गाडी अनावर झाली, तर तिला कॅच साइडिंगमध्ये, म्हणजे बाजूला काढलेल्या फाट्यावर, वळवतात. तिथले रूळ पुन्हा वर चढत जातात. चढाचं चिन्ह बदलतं, आणि गाडीचा वेग तिथेच जिरतो.