भुताला आपण माहीत असतो

भूतकथेतल्या भुताला आपण माहीत असतो, आणि मला जे सांगायचे आहे त्याची सुरुवात येथूनच होते. मुंज झाल्यावर लग्नाआधीच मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, कारण त्याची इच्छा अपुरी असते. भुताचे कुणाकडे तरी काही देणे-घेणे राहिलेले असते, म्हणूनच उतारा टाकता येतो. भीती कितीही खरी असली तरी त्या जगात हिशेब असतो, आणि भूतकथेने दिलेला हा दिलासा मला फार मोठा वाटतो.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या सुमारास मित्रांना भूतकथा वाचून दाखवणारे एम. आर. जेम्स यांनी हा हिशेब सैल केला. त्यांच्या १९०४ च्या संग्रहात एका प्राध्यापकाला जुन्या धार्मिक वास्तूच्या अवशेषांत एक शिटी सापडते. तीवर 'हा कोण येत आहे?' अशा अर्थाचे लॅटिन शब्द कोरलेले असतात. तो आतली माती काढून ती फुंकतो. सकाळी खोलीतल्या रिकाम्या पलंगाच्या चादरी कुणी झोपून उठल्यासारख्या विस्कटलेल्या दिसतात. पुढे एका रात्री त्याच चादरींतून चुरगळलेल्या कापडाचा चेहरा उठतो. शिटी फुंकण्यापलीकडे त्या माणसाचा गुन्हा कोणता? तरीही जे आले, ते बोलावल्यावर आले आणि त्याच्याचकडे आले. एवढे नाते जेम्स शिल्लक ठेवतात.

अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट तेही तोडतो. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ निबंधात त्याने जेम्स यांचा मनापासून गौरव केला आणि त्याच वर्षी 'द कलर आउट ऑफ स्पेस' ही कथाही छापून आली. लव्हक्राफ्ट म्हटले की अनेकांना त्याच्या दुसऱ्या एका कथेतला, समुद्राच्या तळाशी निजलेला अजस्र राक्षस क्थुलू आठवतो. मला ही कथा अधिक भयंकर वाटते, कारण तिच्यात राक्षससुद्धा नाही. नेहम गार्डनर नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीजवळ उल्का पडते आणि तिच्यातून एक रंग सुटतो, ज्याला आपल्या वर्णपटात जागा नाही. त्या वर्षी फळे कधी नव्हे इतकी मोठी आणि तुकतुकीत धरतात, पण तोंडात घालताच कडवट लागतात. मग वारा नसताना झाडे हलू लागतात, गुरे करडी पडून भुगा होतात आणि शेवटी घरातली माणसेही तशीच जातात. गार्डनरने कुणाचे काही बुडवलेले नाही, कसले थडगे उकरलेले नाही. येथे उतारा टाकायचा कुणासाठी? त्या रंगाला हे कुटुंब माहीतच नाही. ओल लागावी आणि भिंत फुगावी, तसे ते घर संपते.

ही हकिगत आपल्याला सांगणारा माणूस तेथे नव्या जलाशयासाठी मोजणी करायला आलेला आहे. काही उगवत नाही अशी ती करडी जमीन लवकरच पाण्याखाली जाणार आहे, आणि ते पाणी शहराला प्यायला मिळणार आहे. तो एवढेच ठरवतो की आपण ते कधीही पिणार नाही.