आरशात न दिसणारी हालचाल

मंडळी, आज घरी गेल्यावर एक करून बघा. आरशासमोर अगदी जवळ उभे राहा. आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्याकडे, पुन्हा डाव्याकडे. नजर इकडून तिकडे जातेय हे तुम्हाला पक्कं ठाऊक असेल, पण डोळे हलताना एकदाही दिसणार नाहीत. शेजारी कुणी उभं असेल तर त्याला मात्र स्पष्ट दिसतील.

नजर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारते, त्या क्षणापुरतं मेंदू डोळ्यांकडून येणारं चित्र दाबून टाकतो. तसं केलं नसतं तर जग सारखं भोवंडत राहिलं असतं. अशा उड्या आपण सेकंदाला साधारण तीन मारतो, आणि तरी मधे काही गळलंय असं कधी वाटत नाही. घड्याळाकडे एकदम नजर टाकली की सेकंदकाटा क्षणभर अडल्यासारखा दिसतो ना? उडीत हरवलेला वेळ मेंदू नंतर दिसलेल्या चित्राने भरतो. मागे जाऊन भरतो! हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ घड्याळासमोर बसून होतो. प्रत्येक डोळ्यात जिथून दृष्टीची नस बाहेर पडते तिथे तर काहीच दिसत नाही. फ्रान्समधले शास्त्रज्ञ एद्म मारिओत यांनी हे सतराव्या शतकातच दाखवून दिलं होतं. ते भोकही आपल्याला जाणवत नाही.

डोळ्यांचं एक वेळ ठीक आहे. मला अस्वस्थ करतो तो पुढचा प्रश्न. आपण आपल्या वागण्याची जी कारणं सांगतो, तीही अशीच मागाहून भरलेली असली तर?

फिट्स काही केल्या थांबत नाहीत अशा काही रुग्णांच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा पूर्वी कापत असत. अशा रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी काम केलं, त्यांना १९८१ साली नोबेल मिळालं. त्यांचे विद्यार्थी मायकेल गाझानिगा यांनी पुढे एक प्रयोग केला. रुग्णाच्या डाव्या मेंदूला, म्हणजे बहुतेकांमध्ये बोलणाऱ्या अर्ध्याला, कोंबडीचा पाय दाखवला. उजव्याला, जो बोलत नाही, बर्फाने वेढलेलं घर दाखवलं. मग पुढ्यात चित्रं ठेवून जुळणारं निवडायला सांगितलं. डाव्या मेंदूच्या ताब्यातल्या उजव्या हाताने कोंबडी निवडली. उजव्या मेंदूच्या ताब्यातल्या डाव्या हाताने फावडं निवडलं, कारण बर्फ उपसायला तेच लागतं. आता विचारलं, फावडं का? उत्तर देणाऱ्या अर्ध्याने बर्फ पाहिलेलाच नव्हता. ‘माहीत नाही’ एवढंच त्याला खरं म्हणता आलं असतं. पण तो जराही अडखळला नाही. पाय कोंबडीचा, आणि कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं, असं त्याने सांगितलं.

इथे थोडं थांबू या. तो माणूस खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्याला खरं ठाऊक असतं. याला जे सुचलं तेच त्याच्यासाठी खरं होतं.

तुम्ही म्हणाल, हे शस्त्रक्रिया झालेल्या माणसांचं. पण २००५ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी धडधाकट माणसांना दोन-दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवले, अधिक आवडलेला निवडायला सांगितला, आणि काही वेळा हातचलाखीने न निवडलेलाच फोटो त्यांच्या हातात दिला. बहुतेक वेळा ती अदलाबदल कुणाच्या लक्षातच आली नाही. उलट, हा का आवडला याची कारणंही त्यांनी दिली. कुणी कानातल्यांचं कारण सांगितलं, आणि मुळात निवडलेल्या चेहऱ्याच्या कानात काहीच नव्हतं.

आपली भाषा ऐका. ‘मी चाललो’, ‘मी लिहिलं’ असं आपण म्हणतो. पण राग? ‘मला राग आला.’ मला आठवलं, मला सुचलं, मला रडू आलं. आतल्या या सगळ्या घडामोडींत ‘मी’ कर्ता नाहीच. त्या येतात आणि मला भेटतात. कुठून येतात ते वाक्यात नसतं. शब्द ओठांवर येऊन अडतो, आपण धडपड सोडून दुसऱ्या कामाला लागतो, आणि तासाभराने तो आपणहून हजर होतो. मधल्या वेळात त्याला कोण शोधत होतं? मला या ‘मला’विषयी फार आदर वाटतो. ‘मी’पेक्षा तो प्रामाणिक आहे.

एका संध्याकाळी मी घरी आलो आणि खोलीतला दिवा चालू राहिला म्हणून मुलीवर चिडलो. नुसता चिडलो नाही, जबाबदारी म्हणजे काय ते दहा मिनिटं समजावत राहिलो. मुद्दे बिनचूक होते, आजही ते मला पटतात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाबा, काय झालंय?”

“काही नाही,” मी म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

रात्री दात घासताना एकदम हुंदका आला. दुपारी एका जुन्या मित्राच्या आजाराचा फोन आला होता. मी नीट बोललो होतो, धीर दिला होता, कामाला लागलो होतो. फोन संपला तसा तो विषयही संपला, असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, “तुम्ही चप्पल काढायच्या आधीच दिसत होतं.”