दंड भरायला पैसे नसतील तर

(दृश्य: निकालपत्राची शेवटची ओळ)

"सहा हजार रुपये दंड, न भरल्यास चार महिने साधी कैद." आरोपीच्या कानावर सहा हजारांचा आकडा पडतो, पुढचं ऐकायचं राहून जातं.

शिक्षा नुसत्या दंडाची असली तरी पैसे तिथल्या तिथे भरले नाहीत, तर त्याच दिवशी तुरुंगात रवानगी होऊ शकते. मुदत मागायची ती तेव्हाच, न्यायाधीशांसमोर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणारा कायदा) कलम 464 खाली पूर्ण रक्कम 30 दिवसांत भरायची सवलत मिळू शकते, नाहीतर दोन किंवा तीन हप्ते. पहिला हप्ता 30 दिवसांच्या आत आणि पुढच्या प्रत्येकात 30 दिवसांपेक्षा जास्त अंतर नाही. म्हणजे फार ताणलं तरी 90 दिवस. त्यासाठी बंधपत्र लिहून द्यावं लागतं. जामीनदार हवा की नको, हे कोर्ट ठरवतं. हप्त्याच्या तारखेला हजरही राहायचं असतं. हप्ता चुकला की कोर्ट कैद लगेच सुरू करू शकतं.

कैद आणि दंड दोन्ही असतील, तर हे कलम कामाचं नाही. तिथे अपिलात शिक्षेला स्थगिती मागायची, आणि अर्जात दंडाचा उल्लेख वेगळा करायचा. तो बरेचदा राहून जातो.

(दृश्य: कोर्टातली दंड भरण्याची खिडकी, पावती)

आत गेल्यावरही पैसे भरता येतात. सहा हजारांना चार महिने, म्हणजे महिन्याला दीड हजार. एक महिना काढला असेल, तर साडेचार हजार भरले की सुटका. घरचे मात्र पूर्ण सहा हजार जमेपर्यंत थांबतात आणि माणूस उगाच आत राहतो.

कैद भोगली की दंड फिटला, हा समज अर्धवट आहे. त्याच संहितेच्या कलम 461 खाली जंगम (हलवता येणारी) मालमत्ता जप्त करून विकता येते किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. त्यात जमीनही येते. ही वसुली साधारणपणे शिक्षेपासून सहा वर्षांपर्यंत चालू शकते, आणि माणूस वारला तरी त्याची मालमत्ता सुटत नाही. न भरल्याबद्दलची कैद पूर्ण भोगली असेल, तर मात्र असं वॉरंट काढायला कोर्टाला खास कारणं लिहावी लागतात. दंडातून पीडिताला भरपाई द्यायची असेल तेव्हा ही अट नाही.

पैसेच नसतील, तर केंद्राची 2023 सालची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. तुरुंग अधीक्षक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवतात, चौकशी होते आणि जिल्हा समिती 25,000 रुपयांपर्यंतचा दंड मंजूर करून थेट कोर्टात भरते.