शर्यतीचा आवाज आपल्या गावचा हवा
(जालन्यातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय आहे मोटार शर्यतींचा रेडिओ कार्यक्रम आणि त्याचे निवेदक. चेन्नई, कोइमतूरसारखा ट्रॅक आपल्याकडे नाही, मग निवेदक कशाला, असा प्रश्न पुढच्या रांगेत दिसतोय. मागची पोरं मात्र हसतायत, म्हणजे बाहेरच्या फटफट्या त्यांच्याच! अहो, वाळूजला 1985 पासून बजाजच्या गाड्या बनतात, शेंद्र्याला स्कोडा जोडली जाते. इंजिनाचा कान असलेली माणसं मराठवाड्यात भरपूर आहेत.

हाच कार्यक्रम घेऊन मी एका रेडिओ केंद्रावर गेलो होतो. आठवड्याला एक तास, दोन निवेदक. साहेबांनी कागद उलटलासुद्धा नाही. म्हणाले, "बघायची गोष्ट रेडिओवर कोण ऐकणार?" ते वाक्य मला अजून सलतं.

भोकरदनकडच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जाऊन बघा. मागच्या गर्दीला धुळीशिवाय काही दिसत नाही. ट्रॉलीवर माईक धरून बसलेला माणूस सांगतो तेवढाच पट त्यांना कळतो. त्याच्या मांडीवर वही असते, तेलकट झालेली. जोडी कुणाची, ती हाकणारा धुरकरी कुठला, डावीकडचा बैल मागच्या वेळी का बिथरला, सगळं त्यात. सेकंद तर घड्याळही सांगतं; पण "हा बैल दुखण्यातून उठून आज पहिल्यांदा उतरतोय" म्हटलं की सगळं रान गप्प होतं. 2014 साली बंदी आली, 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली. मधली सगळी वर्षं त्या माणसाने वही टाकली नव्हती.

आता अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातली मोटार शर्यत. चार किलोमीटरचा ट्रॅक, 200 फेऱ्या. ही शर्यत 1986 पासून देशभर टीव्हीवर थेट दिसू लागली, पण खुद्द त्या शहरात थेट दाखवत नसत. 2016 ला शंभराव्या शर्यतीची सगळी तिकिटं खपली, तेव्हा कुठे ती बंदी त्या वर्षापुरती उठली. तोवर गाव रेडिओच ऐकायचं. वळणावळणावर निवेदक उभे, गाडी पुढे गेली की एकाने बोलणं दुसऱ्याकडे सोपवायचं. 1952 पासून मुख्य निवेदक होते सिड कॉलिन्स. 1964 च्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीत भीषण अपघात झाला. एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड हे चालक गेले. अपघातामुळे तिथली शर्यत थांबवावी लागली, असं पहिल्यांदाच घडलं. सॅक्स गेल्याची बातमी आली, तेव्हा कॉलिन्सपुढे लिहिलेलं काही नव्हतं. तरी ते त्याच्याविषयी बोलले, आणि नंतर लोकांनी ते शब्द लेखी मागवून घेतले. गाड्यांचे आकडे पाठ असलेल्याला ते जमलं नसतं. त्यांना माणूस माहीत होता.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत, आणि मुख्य मुद्दा अजून बाकीच आहे. भरभर सांगतो. 2006 च्या धोरणाने सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ उघडता येतो. प्रक्षेपणाची ताकद साधारण 100 वॅट, पल्ला दहाएक किलोमीटर. तेवढा तालुक्याच्या गावाला बास. निम्मा मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागाने झाला पाहिजे, ही अट आपल्या फायद्याचीच. बिदर ओलांडून जहीराबादजवळ माचनूरला शेतकरी दलित बायका 2008 पासून असा रेडिओ चालवतात. त्यांना जमलं, आपल्याला का नाही?

दोन निवेदक ठेवायचे. एक गॅरेजवाला, गाडीच्या आवाजावरून बिघाड सांगणारा. दुसरी कॉलेजातली मुलगी, त्याला अडवून "म्हणजे काय?" विचारणारी. रस्त्यावरच्या शर्यतीचं कौतुक एका शब्दानेही करायचं नाही. पहिला भाग ब्रेकवर, दुसरा टायरवर, तिसरा हेल्मेटवर. पटाच्या हंगामात ट्रॉलीवरच्या त्या वहीवाल्याला पाहुणा म्हणून बोलवायचं.

दाराशी टेबलावर कोरी वही ठेवलीय. आवाज द्यायचा असेल त्याने नाव लिहून जा. गॅरेजवाल्यांनी आधी.